मदत हवी आहे: कारण समजावणारं इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. माझी मुलगी नववीत आहे आणि गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र स्वतः बनवतेय. एका पुस्तकात आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डासाठी दिलेली जोडणी तिने जशीच्या तशी ईएसपी३२ या तशाच दुसऱ्या बोर्डाला केली. दोन दिवसांत बोर्ड गेला. फार हिरमुसली पोर.

शोधल्यावर कळलं की उनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी३२च्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची इको पिन (बोर्डाला सिग्नल देणारी) ५ व्होल्ट सोडते. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागलं असतं, तर पिनेपर्यंत साधारण ३.३ व्होल्टच गेले असते. दहा रुपयांच्या आतलं काम! पुस्तकात चित्र सुरेख होतं, पण 'का' कुठेच नव्हतं.

म्हणून विचारतेय. ओहमचा नियम, मल्टिमीटर कसा धरायचा, डेटाशीट (सुट्या भागाचं माहितीपत्रक) कशी वाचायची, हे सावकाश शिकवणारं पुस्तक कुणी स्वतः वापरलंय का? मराठीत असेल तर उत्तमच, नाहीतर सोपं इंग्रजी चालेल. नुसते 'शंभर प्रोजेक्ट' नकोत, त्यात कोड उतरवण्यापलीकडे काही होत नाही.

सार्वजनिक वाचनालयात या शनिवारी जाणार आहोत, तिथे कुणी असं काही पाहिलं असेल तर नाव कळवा. नाशिकमध्ये जुनी तांत्रिक पुस्तकं कुठे मिळतात तेही सांगा. नवा बोर्ड आणलाय, पण पुस्तक मिळेपर्यंत तो डब्यातच ठेवायचा असं तिनेच ठरवलंय.