साताऱ्यात एमटीबीचा (माउंटन बाईकचा) पहिला सिझन: घाट चढतो, पण उतारावर सगळे पुढं निघून जातात

यवतेश्वर_लोकल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोडोलीला राहतो. गेल्या दिवाळीत हार्डटेल (मागं शॉक नसलेली माउंटन बाईक) घेतली, २९ची चाकं, पुढं १०० एमएमचा शॉक, एक बाय बारा गिअर, हायड्रॉलिक ब्रेक. त्याआधी रोडबाईक होती, यवतेश्वर घाट करून कासपर्यंत जाऊन यायचं, कधी सज्जनगड-ठोसेघर, असं चालायचं त्यामुळं दम बरा आहे. हिवाळ्यात जवळपासच्या रेस केल्या आणि सगळीकडं सेम पिक्चर. चढाला पाच-सहा जणांना मागं टाकायचं आणि खाली येईपर्यंत तेच पाच-सहा जण, वर अजून दोघं-तिघं, मला ओलांडून पसार. एका पोरानं तर जाता जाता "काका ब्रेक सोडा की" म्हणून सांगितलं. वय ३४ आहे हो माझं.

आता पावसाळा तोंडावर आलाय. पुढच्या सिझनसाठी काय करावं? फुल सस्पेन्शन (पुढं-मागं दोन्हीकडं शॉक) घेतली तर फरक पडेल का (घरी विषय काढायचा म्हणजे आधी तयारी पाहिजे), का आहे त्याच बाईकवर काही होईल? आणि पावसात सराव कुठं करता तुम्ही लोक?

जाळपट्टा

फुल सस्पेन्शनचा विषय घरी काढूच नको, वाचलास. आपल्याकडच्या रेसचे उतार काही एवढे भयानक नसतात. शंभरचा शॉक आणि हार्डटेल रग्गड झाली.

तुझं दुखणं ओळखीचं आहे, साताऱ्यातल्या निम्म्या लोकांचं हेच. घाट आपल्या दारात आहे म्हणून सगळे घाट मारतात, स्ट्राव्हा ॲपवर यवतेश्वरचा टाईम काढतात, आणि त्यालाच एमटीबीचा सराव समजतात. घाटानं फुफ्फुसं होतात, हात होत नाहीत. डांबरावर उतरताना बाईक तुझ्या खाली गप असते, मुरमावर ती सारखी हलत असते आणि तिला हलू द्यायचं असतं, तू तिला आवळून धरतोस म्हणून भीती वाटते, भीती वाटली की ब्रेक, ब्रेक लागला की चाक घसरतं, मग अजून भीती.

जागा सांगतो. डिसेंबर-जानेवारीपासून फॉरेस्टवाले वणवा पसरू नये म्हणून डोंगरावर गवत काढून जाळपट्टे करतात. धारेवरनं सरळ रुंद पट्टा, दोन्ही बाजूला वाळलेलं गवत, मधे मोकळी जमीन. साताऱ्याच्या आजूबाजूच्या डोंगरांवर ठिकठिकाणी दिसतील. वनरक्षकाला आधी भेटायचं, विचारायचं, मग जायचं. सरळ "कशाला येताय" म्हटला तर परत फिरायचं. पट्टा रुंद असतो म्हणून चुकलं तरी गवतात जातोस, दरीत नाही, नवख्याला ह्यापेक्षा चांगली शाळा नाही. फक्त नवीन सीसीटी (सलग समतल चर) बघून. पाणलोटाच्या कामात समतल चर मारलेत बऱ्याच डोंगरांना, जुनी पायवाट अचानक दोन फूट खड्ड्यात जाते आणि गवत वाढलं की तो चर वरनं दिसत नाही. पहिली फेरी चालत मारायची, मी अजूनही मारतो.

आता वळण. आपला मुरूम म्हणजे खाली कडक जमीन आणि वर सुटी बारीक खडी, रोडवर सांडलेल्या ज्वारीवर चाक जातं तसलं. वळणात ब्रेक धरलास की पुढचं चाक गेलंच. सगळा ब्रेक वळणाच्या आधी, बाईक अजून सरळ आहे तोवर, पुढचा-मागचा दोन्ही. मग बोटं हलकी करायची, बाहेरच्या बाजूचा पेडल खाली, त्याच्यावर सगळं वजन, बाईक आत झुकवायची आणि अंग थोडं बाहेर ठेवायचं. नजर वळणाच्या तोंडावरच्या दगडावर नाही, वळण संपतंय तिथं. दगडाकडं बघितलंस की दगडावरच जाणार. एकच वळण निवड आणि तेच परत परत मार, बाईक ढकलत वर, उतर, परत वर. बघणारे येडा म्हणतील, म्हणू दे.

डबल_शॉक

असहमत. बजेट असेल तर फुल सस घेऊन टाकावी, मागचं चाक जमिनीला धरून राहतं, कंबर वाचते, तीनेक तासाच्या मॅरेथॉन रेसला फरक कळतो. सगळ्यांनी कष्टच करायचे असा काय नियम आहे का.

जाळपट्टा

मॅरेथॉनला कंबर वाचते हे मान्य. पण ह्याची कंबर दुखत नाहीये, हा ब्रेक धरतोय. तीच भीती घेऊन महागाच्या बाईकवर बसेल.

दंडोबा_२९

मिरजेहून रामराम. तुम्ही सातारकर घाटाचं कौतुक सांगता, आमच्याकडं या, चढ शोधायला पेट्रोल जाळून जावं लागतंय. दंडोबाचा डोंगर तेवढा एक जवळ, तिथंच घासतोय आम्ही वर्षानुवर्षं. बाकी तासगाव, कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षबागांच्या मधले कच्चे रस्ते. सपाट, लांब, वाऱ्याचे. दम ठेवून पेडल मारायला लय भारी.

पावसाचं म्हणशील तर आमच्याकडं काळी माती, जून लागला की विषय संपला. एक सर पडली तरी टायरला असा थर चढतो की चाक फ्रेमच्या आत फिरायचं बंद, बाईक खांद्यावर आणि सायकलवाला चिखलातनं चालतोय. तेव्हा आम्ही मुरमाड माळ धरतो नाहीतर डांबर. तुमचं पश्चिमेकडं उलटं, माती कमी पण कातळावर शेवाळ. जांभ्या दगडाचा ओला सडा आणि वर शेवाळ, त्यावर जगातला कुठलाही टायर धरत नाही, तिथं हिरोगिरी नको.

अजून एक. रेसला नाव द्यायच्या आधी रूट मागून घे. आपल्याकडं "एमटीबी कॅटेगरी" म्हणून लावतात त्यातल्या बऱ्याच जागी पूर्ण डांबर असतं, फक्त हँडल सरळ पाहिजे एवढीच अट. लोक गुळगुळीत टायर लावून येतात आणि तू नॉबी (गाठीदार) टायरवर मरतोस. ती रोड रेस समजून जा किंवा जाऊ नको. खरी क्रॉसकंट्री म्हणजे लॅपवाली, यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) नियमात एक लॅप साधारण ४ ते ६ किमीचा असतो, तोच चढ-उतार सारखा सारखा येतो. अशा रेसला आदल्या दिवशी जाऊन लॅप बघता आला तर अर्धं काम झालं.

आणि ऊसाचा हंगाम लागला की पहाटे अंधारात बाहेर पडताना मागचा लाल दिवा विसरू नको. डबल ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर असेलच ह्याची गॅरंटी नाही, टेप लावून चालवणाऱ्या ड्रायव्हरला तू दिसशीलच ह्याची तर अजिबात नाही.

कुसळवाली

वरचं सगळं बरोबर आहे पण सीटबद्दल कुणी बोललंच नाही. दादा, उतारावर सीट खाली घेता का? रोडवाले घेत नाहीत, सवयच नसते. चढाच्या उंचीवर सीट ठेवून उतरलं की सीट पोटात येते, मागं सरकताच येत नाही, सगळं वजन हँडलवर. सरावाला जाताना एलन की घ्या आणि डोंगराच्या डोक्यावर पोचलात की सीट चार बोटं खाली करा, एकदा उतरून बघा, मग मला सांगा. आवडलं तर ड्रॉपर पोस्ट बसवा. हँडलवरच्या बटणानं सीट खाली-वर होते, फुल ससच्या मानानं किंमत किरकोळ. माझ्या बाईकवर सगळ्यात कामाचा खर्च तोच.

दुसरं म्हणजे थांबायला शिका. विनोद नाही करत. मध्यम उतार घ्या, दोन्ही पेडल आडवे, उभं राहून यायचं आणि ठरवलेल्या दगडापाशी मागचं चाक न लॉक होता थांबायचं. पुढच्या ब्रेकवर विश्वास बसतो ह्यानं. आपल्याला लहानपणापासून "पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील" शिकवलेलं असतं, त्यामुळं सगळे मागचाच दाबतात आणि मागचं चाक घसरत खाली येतात. वाटेची वाट लागते ती वेगळीच.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकची एमटीबी रेस बघितली नसेल तर बघा. ब्रिटनच्या पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, अर्ध्या मिनिटाच्या वर मागं पडला, टेक झोनमधे (दुरुस्तीच्या ठरलेल्या जागी) चाक बदललं आणि शेवटच्या लॅपला फ्रान्सच्या कोरेत्झकीला गाठून गोल्ड नेलं. मी ती उतारांसाठी बघते. वळणाच्या आधी त्याचं डोकं कुठं वळलेलं असतं ते बघा फक्त. आणि हो, आपल्याकडं टेक झोन-बिक झोन नसतो बऱ्याचदा, ट्यूब, लिव्हर, पंप स्वतःच्या पाठीवर.

पाना_नंबर_१०

दुकान चालवतो, त्यामुळं माझं लक्ष दुसरीकडंच. यवतेश्वरराव, टायरमधे हवा किती ठेवता? रोडवाले आले की मी अंगठा दाबून बघतो, दगड असतो. चाळीस, पन्नास पीएसआय. तेवढ्या हवेवर मुरमात टायर उड्याच मारणार, पकडणार कशाला?

तुमचं वजन सत्तरच्या आसपास धरलं आणि २.२५ इंचाचा टायर ट्यूबलेस असेल तर पुढं २०-२२, मागं २३-२५ नं सुरुवात करा. ट्यूब असेल तर तिशीच्या आसपास ठेवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला रिमचे दोन चावे बसतात. शक्य असेल तर ट्यूबलेसच करा, आपल्याकडं बाभळीचे काटे एवढे आहेत की ट्यूबवर सिझन काढणं म्हणजे रस्त्याकडेला बसून पॅच लावणं. सिलंट (टायरच्या आत घालायचा, भोकं बुजवणारा चीक) मात्र उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यात सुकतं. लोक एकदा घालतात आणि विसरतात, मग टायर उघडला की आत रबराचे गोळे.

शॉक हवेचा आहे का स्प्रिंगचा? हवेचा असेल तर बाईकवर नेहमीच्या कपड्यात उभं राहून बघा, शंभरातला १५ ते २० एमएम दबला पाहिजे. नळीवर रबराची रिंग असते ती खाली सरकवून बघता येतं. नसली तर झिप टाय बांधा. नवीन बाईक बऱ्याचदा जास्त हवा भरूनच येते, मग तो शॉक नुसता शोभेला.

पावसाळ्यात चालवणार असाल तर ब्रेक पॅड. रेझिनचे पॅड चिखलात खडूगत झिजतात, मेटलचे टिकतात, पण आधी डिस्कवर काय छापलंय ते वाचा. स्वस्तातल्या डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं बारीक अक्षरात असतं, तिथं मेटल पॅड घातला तर डिस्क खाऊन टाकतो. आणि ब्रेक ऑईल, शिमानोला मिनरल ऑईल लागतं. गाडीचं डॉट ऑईल त्यात ओतून आलेली बाईक माझ्याकडं अधनंमधनं येते, आतले सील फुगलेले असतात, मग पूर्ण ब्रेक बदला.

सडाफकीर

पावसात सराव पाहिजे तर कासचं पठार बेस्ट की. पहाटे लवकर गेलं तर कुणी नसतं, मस्त सपाट सडा.

जाळपट्टा

नाही, हे सुचवू नको कुणाला. डांबरी रस्त्यावरनं कासला जा, बामणोलीपर्यंत जा, कुणाची ना नाही. पठारावर चाक घालायचं नाही. तिथं कातळावर इंच-दोन इंच माती, त्यात ती सगळी झाडं. टायरचा एक पट्टा पडला की पाणी त्याच पट्ट्यातनं वाहतं आणि उरलेली माती घेऊन जातं. पश्चिम घाटाच्या जागा २०१२ ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या, त्यात कास आहे. एकानं जरी व्हिडिओ टाकला ना की सायकलवाल्या सगळ्यांना गेटवर अडवतील, आणि बरोबरच करतील. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीचंही तेच. चाळकेवाडीला जायचं तर पवनचक्क्यांचे कच्चे रस्ते धर, वॉचमनला विचार, अंधार व्हायच्या आत खाली ये. गवा समोर आला तर थांब, बाईक स्वतःच्या आणि त्याच्या मधे ठेव, हळू मागं सर. घंटी वाजवायची नाही.

सडाफकीर

बरं बाबा, मागं घेतो.

यवतेश्वर_लोकल

सगळ्यांना धन्यवाद. पाना साहेब, आत्ताच मोजली, पुढं-मागं दोन्ही ४५. ट्यूब आहे. ताई, सीट आजपर्यंत एकदाही खाली घेतलेली नाही. आता जून ते सप्टेंबर काय करू? घाट बंद करू का पूर्ण?

कुसळवाली

घाट कशाला बंद, दम आहे ती तुमची कमाई आहे. आठवड्यातनं दोनदा घाट, तोही धुकं आणि दरडीचे दगड बघून, शनिवार-रविवार टाळून, कारण पर्यटकांच्या गाड्या वळणावर मधेच उभ्या असतात. बाकीचे दिवस मोकळं मैदान, ओलं गवत. आठचे आकडे काढा, जागेवर तोल धरून उभं राहा, पुढचं चाक उचलून वीटेवरनं न्या. ओल्या पायवाटा सोडून द्या, भिजलेल्या वाटेवर चाकोरी पडते आणि दिवाळीला ती सिमेंटसारखी वाळते, मग तीच तुम्हाला आडवी येते. ऑक्टोबरला गवत कमरेएवढं असतं आणि कुसळं सॉक्समधनं आत जातात, लांब मोजे घाला. खरी मजा नोव्हेंबरपासनं.

दंडोबा_२९

रेसच्या दिवसाचं तेवढं राहिलं. सुरुवातीला हळू जाऊन नंतर गाठू हा रोडवाला हिशेब क्रॉसकंट्रीत चालत नाही. पहिल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी सगळे एका ओळीत अडकतात, तिथं मागं पडलास तर पुढचा उतरून चालायला लागला की तुलाही चालावं लागतंय. तुझा चढाचा दम सुरुवातीच्या त्या मोकळ्या पट्ट्यात खर्च कर, आधी आत घूस. खायला जेलवर पैसे घालवू नको, खिशात बेदाणे टाक मूठभर आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर. आमच्या तासगावचा बेदाणा, पाठवून देतो पाहिजे तर.

जाळपट्टा

बेदाणे इकडं पण पाठवा. यवतेश्वर, पाऊस लागायच्या आत ह्या रविवारी ये, सहाला पोवई नाक्यावर भेटू. एक वळण आहे ते दाखवतो, वनरक्षकाशी बोलणं झालंय. टायर तीसवर आण, एलन की आण, आणि प्रेस्टा व्हॉल्व्हचा पंप असेल तर तोही, माझा कुणीतरी नेलाय आणि तो माणूस हा धागा वाचतोय हे मला माहितीये.

डबल_शॉक

आणतो रविवारी.