तळ्यावरचा बर्फ जाण्याची वाट पाहताना : आपले अनुभव लिहा

मिनेसोटातील मिल लॅक्स तळ्याच्या काठी आम्ही २०१२ पासून राहत आहोत, पण मार्च-एप्रिलचे ते काही आठवडे कसे काढावेत हे मला अजून जमलेले नाही. मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत बर्फावरची मासेमारीची खोपटी काढून न्यावी लागतात आणि जत्रा उठल्यासारखे तळे ओकेबोके होते. त्यानंतर बर्फावर पाऊल ठेवण्याची हिंमत होत नाही आणि होडी घालायला पाणी नसते. २०१३ साली ११ मे रोजी मासेमारीचा हंगाम उघडला, तेव्हाही तळ्यावर बर्फ होता, आणि वाऱ्याने तो सरळ काठावर चढवला. फुटक्या काचांचा ढीग खळखळत घराकडे चालत यावा तसे ते दृश्य होते. काही घरांची दारे त्याने आत ढकलली. आमच्या अंगणातल्या बाकापाशी मात्र तो थांबला.

आपल्यापैकी जे अशा ठिकाणी राहतात किंवा राहिले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे. पावसाची वाट पाहण्याची आठवण सर्वांनाच येणार, तेव्हा ती गृहीत धरून पुढचे लिहावे ही विनंती.

*

विस्कॉन्सिनमधील मॅडेलिन बेट हे माझे सासर. आमच्याकडे बर्फ हाच रस्ता असतो. लेक सुपीरियर पुरेसे गोठले की बेटावरून पलीकडच्या बेफील्ड गावापर्यंत मोटारी जातात आणि नाताळानंतर टाकून दिलेली झाडे रस्त्याच्या कडेने बर्फात रोवून ठेवतात, कारण धुक्यात दुसरी कसलीच खूण दिसत नाही. बर्फ सैल होऊ लागला की मोटारी बंद होतात, पण फेरीबोटीला वाट मिळण्याइतका तो फुटलेला नसतो. अशा दिवसांत विंडस्लेड चालते. मागे प्रचंड पंखे लावलेली ही बंदिस्त गाडी बर्फावरून घसरते आणि मध्येच पाणी लागले तर तरंगते. बेटावरची मोठी मुले तिच्यातूनच पलीकडच्या शाळेत जातात. आवाज इतका असतो की शेजारी बसलेल्या माणसाशी खुणांनीच बोलावे लागते.

पहिल्या वर्षी मार्चच्या शेवटी माझ्या कुकरची रबरी रिंग फाटली. नवी रिंग बेफील्डला येऊन पडली होती आणि मध्ये जेमतेम दोन-अडीच मैल होते, पण सलग वादळी वाऱ्यामुळे विंडस्लेडही निघेना. आठवडाभर मी पातेल्यात तूरडाळ शिजवत होते आणि सासूबाई खिडकीतून दुर्बिणीने तळे पाहत मला बातम्या देत होत्या. बर्फाचा रंग पांढऱ्यावरून करडा झाला की त्या खूश होत, आणि रात्री पुन्हा गोठले की मला सांगतही नसत. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मात्र बर्फाचा रस्ता झालाच नाही, फेरीबोट हिवाळाभर चालू राहिली. सोय झाली हे खरे, तरी मला चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहिले.

*

व्हरमाँटमधील जोज पाँड या तळ्यावर याच प्रतीक्षेची पैज लावतात. लाकडी फळ्यांच्या चौकटीवर सिमेंटचा ठोकळा आणि झेंडा ठेवून तो बर्फावर नेऊन ठेवतात आणि दोरीने काठावरच्या घड्याळाला जोडतात. ठोकळा पाण्यात गेला की दोरी ताणली जाऊन घड्याळ बंद पडते, आणि ती वेळ अचूक सांगणारा जिंकतो. मी निवृत्त अभियंता असल्याने रोजचे तापमान मांडून गणित केले होते. ते पाच दिवसांनी चुकले.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. काल दिसणारा बर्फ आज नाही, म्हणून तो रातोरात बुडाला असे आमचे काही शेजारी ठामपणे सांगतात. बर्फ पाण्याहून हलका असल्याने तो बुडत नाही. वसंतातल्या उन्हाने तो आतून कुजतो आणि त्याच्या उभ्या, मेणबत्तीसारख्या कांड्या सुट्या होतात. जाडी तशीच दिसते, पण जोर गेलेला असतो. मग एक जोराचा वारा पुरतो. डिसेंबरमधला चार इंचांचा नवा, पारदर्शक बर्फ माणसाला पेलतो. एप्रिलमधल्या दहा इंचांवर मात्र विश्वास ठेवू नये. त्या कांड्या काठाला एकमेकींवर आपटतात तेव्हा देवघरातल्या लहान घंट्यांसारखा आवाज येतो. तो ऐकण्यासाठी मी खुर्ची घेऊन बसतो.

*

मी सैन्यात असताना लडाखमध्ये पँगाँग तळ्याजवळ एक हिवाळा काढला आहे. उंची सुमारे चौदा हजार फूट, त्यामुळे पाणी खारट असूनही ते तळे गोठते. रात्री बर्फ तडकल्याचा आवाज दूरवर धावत जात असे; पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बूट न घालताच बाहेर आलो होतो. त्या हिवाळ्यातले माझे दोन महिने पत्रांची वाट पाहण्यात गेले, तळ्याची नव्हे. तरी काठाशी निळ्या पाण्याची पहिली पट्टी दिसली, आणि काही दिवसांनी तिच्यात नारिंगी रंगाची दोन बदके उतरली, हे लख्ख आठवते.

*

वरील प्रतिसादातील नारिंगी बदके म्हणजे बहुधा चक्रवाक असावेत. मी भिगवणचा. उजनीच्या फुगवट्यावर आम्ही त्यांना हिवाळाभर पाहतो, आणि उन्हाळा चढू लागला की ते उत्तरेकडे निघून जातात. आमच्या होडीवाल्या काकांच्या भाषेत ते 'माहेरी' जातात, कारण अंडी-पिल्ले तिकडेच होतात. तिकडचा बर्फ वितळेपर्यंत ते वाटेत कोठे थांबतात, याचा विचार मी आजवर केला नव्हता. माझ्या वहीत येथील शेवटच्या दर्शनाच्या सात वर्षांच्या तारखा आहेत. लडाखमध्ये ती पहिली जोडी कोणत्या तारखेला उतरली हे आपण कोठे टिपून ठेवले असेल, तर कृपया कळवावे.