मदत हवी आहे : फ्रेंचमधील ‘बेल’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

रविवारचा_वर्ग : ‘सुंदर’ या विशेषणाचे पुल्लिंगी रूप ‘बो’ आणि स्त्रीलिंगी रूप ‘बेल’, असे आमच्या पुस्तकात स्पष्ट दिले आहे. तरीही परवाच्या श्रुतलेखनात बाईंनी पुल्लिंगी नामापुढे ‘बेल’ म्हटले, मी ऐकले तसे लिहिले आणि गुण गेला. चूक कोणाची? शनिवारी परीक्षा आहे, कृपया लवकर सांगावे.

अनुस्वार : नाम कोणते होते आणि आपण कोणती अक्षरे लिहिली, हे सांगितल्यावाचून काय सांगणार?

जुना_विद्यार्थी : माझे ऐका. आधी स्त्रीलिंगी रूप पाठ करावे आणि उच्चारातील शेवटचे व्यंजन गाळावे : ‘ग्राँद’चे ‘ग्राँ’ (मोठा), ‘ब्लाँश’चे ‘ब्लाँ’ (पांढरा), ‘पतीत’चे ‘पती’ (लहान). यांतले शेवटचे आमच्या घरी विशेष आवडीने पाठ झाले.

अनुस्वार : या युक्तीने ‘बेल’चे ‘बे’ होईल, ‘बो’ नव्हे.

रविवारचा_वर्ग : नाम ‘ओतेल’, म्हणजे हॉटेल. मी बी-ई-एल-एल-ई लिहिले. दुसरे काय लिहिणार?

निवृत्त_शिक्षिका : बी-ई-एल. हे पुल्लिंगीच, पण तिसरे रूप आहे. ‘ओतेल’ लिहिताना आरंभी एच असला तरी तो उच्चारात नाही, म्हणून शब्द स्वराने सुरू होतो, आणि अशा पुल्लिंगी नामाच्या लगेच आधी ‘बो’ न येता ‘बेल’ येते. उच्चार स्त्रीलिंगी रूपासारखा, लेखन मात्र निराळे. ‘नवा’चेही तसेच : ‘नूव्हो’ आणि स्वरापूर्वी ‘नूव्हेल’. विशेषण नामानंतर आले, तर पुन्हा ‘बो’ : ‘लोतेल ए बो’. बाईंचे बरोबर आहे.

बखरवाला : मुळात ‘बेल’ हेच जुने पुल्लिंगी रूप, पुढे व्यंजन आले की त्यातील ‘ल’ विरघळला आणि ‘बो’ उरले. 1285 ते 1314 या काळात फ्रान्सच्या गादीवर असलेला चौथा फिलिप अजूनही ‘फिलिप ल बेल’, म्हणजे देखणा फिलिप, म्हणूनच ओळखला जातो.

अनुस्वार : मात्र ‘एच दिसला की बेल’ असा नियम करू नये. ‘एरो’ (नायक) या शब्दातही एच उच्चारला जात नाही, तरी त्याच्या आधी ‘बो’च येते.

निवृत्त_शिक्षिका : मान्य. असे शब्द कोशात खुणेने दाखवलेले असतात. ते पाठच करावे लागतात.

रंगारी : ‘मारों’ (तपकिरी) आणि ‘ओरांज’ (नारिंगी) ही विशेषणे तर कोणत्याच लिंगात बदलत नाहीत, कारण ती मुळात फळांची नावे आहेत. आपला ‘लाल’ही असाच अविकारी आहे.

अनुस्वार : रंगांचे कोणी विचारले होते?

रविवारचा_वर्ग : आभार. आता आठवले, पुढच्याच वाक्यात ‘ग्राँतोतेल’ ऐकू आले होते. मी ‘ग्राँ’च्या शेवटी टी लिहिला, तोही गुण गेला.

निवृत्त_शिक्षिका : तिथे डीच लिहितात, पुढच्या स्वराला जोडताना तो ‘त’सारखा ऐकू येतो. आता संपूर्ण श्रुतलेखनच इथे द्यावे.