मदत हवी आहे: सायकलची तिसरी सीट झाली, तरी बसवत नाही

सांजवारा
दोन महिन्यांत तिसरी सीट. पहिली सायकलीबरोबर आलेली, कडक. दुसरी जेलवाली. तिसरी चांगली रुंद, खाली स्प्रिंगा असलेली. तिन्हींवर तेच. वीस-पंचवीस किलोमीटर झाले की बसवत नाही. कोल्हापुरातून पन्हाळ्यापर्यंत कसंबसं जमतं, परतीला वाघबीळच्या पुढं निम्मा रस्ता उभ्यानं पॅडल मारत यावं लागतं.

तीन आठवड्यांनी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) आहे, पैसे भरून झालेत. कोणती सीट घ्यावी तेवढं नाव सांगा. बजेट तीन हजार. "सवय होईल" हे उत्तर नको, ते दुकानात ऐकून झालंय.

घाटमाथा
दादा, माहिती अपुरी आहे. सायकल कोणती? रोड, एमटीबी (डोंगरातली) की हायब्रीड (दोन्हींच्या मधली)? तुमची उंची? दुखतं म्हणजे नेमकं कुठं, हाडाला, कातडीला की पुढच्या बाजूला? पॅडवाली चड्डी घालता का? एवढं कळल्याशिवाय सीटचं नाव सांगणं म्हणजे पाय न मोजता चप्पल पाठवण्यासारखं आहे.

गिरमिट
चामड्याची घ्या, ब्रूक्सची बी१७. विषय संपला. इंग्लंडची कंपनी आहे, १८६६ पासूनची. माझ्या सीटवर बेळगाव-गोवा, बेळगाव-हंपी, सगळं झालंय. पहिले काही शे किलोमीटर लाकडाच्या फळीवर बसल्यासारखं वाटतं, मग चामडं तुमच्या हाडांच्या आकाराचं होतं आणि त्यानंतर दुसऱ्या कशावर बसवत नाही. बजेट मात्र वाढवावं लागेल.

चिंचोके
टायरमध्ये हवा किती भरता? बरेच जण टायरवर छापलेला कमाल आकडा गाठेपर्यंत पंप मारतात. मी ३५ मिमीच्या टायरात पूर्वी ८५ पीएसआय भरायचो, आता ५५ भरतो. खड्ड्यांचा अर्धा मार तिथंच जिरतो. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी.

सांजवारा
हायब्रीड आहे. उंची ५ फूट २. दुखतं म्हणजे बसतो तिथं दुखतं माणसाला, अजून कुठं? पॅडवाली चड्डी आहे. हवा ठीक आहे.

गिरमिट, तीन आठवड्यांत काही शे किलोमीटर कधी काढायचे? नोकरी आहे. आणि बजेट लिहिलंय वर.

अण्णा_६८
आमच्या वडिलांची काळी अ‍ॅटलस होती. चामड्याची सीट, खाली दोन जाड स्प्रिंगा. राधानगरीहून कोल्हापूरला बाजाराला यायचे, पुढच्या दांडीवर मी, मागं कॅरियरला गुळाच्या ढेपा. पन्नासेक किलोमीटर. कधी बूड दुखलं म्हणाले नाहीत. वर्षातून दोनदा सीटला खालून एरंडेल लावायचे आणि पावसाळ्यात गोणपाट बांधायचे. सायकल अजून आहे माझ्याकडं, रोज पुसतो. सीटचं चामडं तेवढं मधोमध फाटलंय. तशी रुंद स्प्रिंगवाली सीट तुम्हाला का त्रास देते हेच मला कळेना.

घाटमाथा
अण्णा, वडिलांच्या सायकलीचं हँडल सीटपेक्षा वर होतं. ते ताठ बसायचे, सगळं वजन मागच्या दोन हाडांवर. तिथं रुंद सीट हवीच. हायब्रीडवर माणूस पुढं झुकतो, कंबर पुढं कलते, आणि मग तीच रुंद सीट मांडीच्या मुळाशी घासते. दर पॅडलला मांडी सीटच्या कडेवर आपटते आणि माणूस नकळत पुढं सरकत जातो. सीट चांगली-वाईट असं नसतंच, बसण्याच्या ढबीला जुळते की नाही एवढंच असतं.

गिरमिट, कोल्हापूरच्या पावसाळ्यात चामडं? बुरशी येते. पाणी पिऊन एकदा झोळ पडला की सीट गेली.

गिरमिट
बेळगावात पाऊस पडत नाही असं वाटतं का तुम्हाला? कव्हर असतं, मेण असतं, खाली ताणायचा नट असतो. अकरा वर्षं वापरतोय, झोळ नाही. न वापरलेल्या वस्तूबद्दल लोक फार ठामपणे बोलतात.

घाटमाथा
वापरलीये. भिजवून विकली.

कालवा
सांजवारा, मी नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला असते, पूर्वी पुण्यात सायकल चालवायचे. एक थेट विचारते, राग मानू नका. तुम्ही बाई आहात का? सगळे दादा म्हणताहेत आणि तुम्ही ते खोडलं नाहीत, पण तुमच्या लिहिण्यात कुठंच "करतो" नाही आणि "करते"ही नाही. विचारते अशासाठी की उत्तर बदलतं. आपली बैठकीची हाडं सरासरीनं थोडी लांब-लांब असतात. आणि पुढं झुकल्यावर त्रास होतो तो बहुतेक वेळा हाडांना नसतोच, तो पुढच्या नाजूक भागाला होतो. मी स्वतः दोन वर्षं "बूड दुखतं" म्हणत होते, कारण दुसरा शब्द चारचौघांत उच्चारायचा नव्हता.

सांजवारा
हो. बाईच आहे. उत्तर सीटचं हवं होतं, त्यात बाई-पुरुष कशाला आणायचं असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर लिहायला जडच जात होतं.

बरोबर ओळखलंत. मागं हाडांना फारसं दुखत नाही. पुढं जड होतं, मग मुंग्या येतात, मग काहीच कळेनासं होतं. उतरल्यावर दहा मिनिटांनी परत येतं, तेव्हा आग होते. दुकानात हे कसं सांगायचं? मी "दुखतं" म्हणाले, त्यानं जेल दिलं.

फिजिओ_आहे
ताई, हे दुसऱ्या प्रतिसादात कळलं असतं तर बरं झालं असतं, पण असो. दुखणं आणि बधिर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाड दुखणं त्रासाचं असतं, धोक्याचं सहसा नसतं. बधिर होणं म्हणजे प्युडेंडल नावाची नस आणि तिच्या बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जाताहेत. ते सवयीनं जात नाही आणि सोसायचंही नाही. उतरल्यावर तासन् तास बधिर राहिलं, किंवा लघवीला त्रास झाला, तर सायकल बंद आणि डॉक्टर.

जेलनं का वाढलं ते सांगतो. हाडं मऊ जेलमध्ये रुततात, दाबलेलं जेल मधे वर येतं आणि नेमकं नाजूक भागाला टेकतं. बोटानं दाबून मऊ लागणारी सीट दुकानात पाच मिनिटं छान वाटते, तासाभरानं हाडं तळाला लागलेली असतात.

घरी एक करा. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्या, लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात बसा, सायकलवर झुकता तेवढं झुका, टाचा उचला, मिनिटभर थांबा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उठतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. हायब्रीडसाठी त्यात वीस ते तीस मिळवा, तेवढी सीटची रुंदी साधारण हवी. मधे फट किंवा खोल पन्हाळ असलेली बघा.

अमेरिकेत एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेनं सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या (पुढचं निमुळतं टोक नसलेल्या) सीट देऊन पाहिल्या होत्या. बधिरपणा बराच कमी झाला. म्हणजे गुन्हेगार सीटचं नाक असतं, मागची गादी नव्हे.

कालवा
ते पोलीस पुरुष होते, एवढं जोडते. नाकाचा मुद्दा मात्र बायकांनाही लागू आहे.

ताई, पॅडवाल्या चड्डीच्या आत काही घालता का? घालायचं नसतं. आतल्या कपड्याची शिवण पॅडखाली दाबली जाते आणि कातडं सोलवटतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. घरी पोचल्यावर ती ओली चड्डी लगेच बदलायची, चहा नंतर.

सांजवारा
घालत होते. कुणी सांगणार कसं, विचारणार कुणाला. आमच्या गटात मी एकटीच बाई आहे.

पुठ्ठा झाला. १२८ मिमी. म्हणजे १५० ते १५५ ची सीट. आता तरी नाव सांगा.

घाटमाथा
ताई (आधी दादा म्हणालो, माफ करा), नावाच्या आधी शेवटचे दोन प्रश्न. सीटचं नाक वर आहे, खाली आहे की सपाट? आणि ५ फूट २ ला फ्रेम कोणत्या मापाची? सीटखालच्या नळीवर स्टिकर असतो.

सांजवारा
नाक थोडं वर आहे. दुकानातच करून दिलं, कारण मी सारखी पुढं सरकत होते. फ्रेम एल. सायकल भावाची आहे, तो बंगळूरला गेला, ती पडून होती. पण सायकल एकदम चांगली आहे, प्रश्न सीटचा आहे.

घाटमाथा
प्रश्न सीटचा नाही.

एल फ्रेम साधारण पावणेसहा फुटाच्या माणसाची. तुम्हाला हँडल लांब पडतंय. हात पोचावेत म्हणून शरीर पुढं सरकतं आणि हाडं सीटच्या रुंद भागावरून सुटतात. मग सगळं वजन नाकावर. सरकू नये म्हणून नाक वर केलं, म्हणजे जिथं दाब होता तिथंच पाचर ठोकली. या जागी जगातली कुठलीही सीट ठेवा, तुम्ही तिच्या नाकावरच बसणार. तीन सीटा बदलून काही झालं नाही ते यामुळं.

उंचीही तपासा. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांत जाड पुस्तक घट्ट वर ओढून धरा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं माप गुणिले ०.८८३. क्रँक (पॅडल जोडलेला दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढं अंतर हवं.

सांजवारा
७४ आलं. गुणाकार ६५.३. सीट आहे ६८ वर. दुकानदार म्हणाला होता पाय पूर्ण सरळ व्हायला हवा.

फिजिओ_आहे
टाच पॅडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा, चवड्यानं मारताना गुडघा थोडा वाकलेला राहावा. पावणेतीन सेंटीमीटर जास्त म्हणजे दर फेरीला कंबर डावी-उजवी डुलते आणि तुम्ही सीटवर घासल्या जाता. आधी ती खाली घ्या. एका वेळी अर्धा-पाऊण सेंटीमीटर, एकदम नको, गुडघे बोलायला लागतील. नाक सपाट करा, पाणसळ किंवा फोनमधली पातळी लावून.

चिंचोके
हँडल लांब पडतंय ना, मग सीटच रुळांवरून पुढं सरकवा. फुकटात काम. स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा आखूड दांडा) बदलायची गरज नाही.

घाटमाथा
हे करू नका. सीट पुढं-मागं करायची ती गुडघ्यासाठी. क्रँक आडवा ठेवून गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पॅडलच्या आसाच्या आसपास यायला हवा. हाताच्या सोयीसाठी सीट पुढं ओढली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं सुरू.

चिंचोके
ओळंब्याचा नियम काही दगडावरची रेघ नाही. माझी सीट नियमापेक्षा दोन सेंटीमीटर पुढं आहे, सहा वर्षं गुडघे ठणठणीत.

फिजिओ_आहे
नियम ढोबळ आहे हे मान्य. पण तीन आठवड्यांवर २०० असताना प्रयोग एकच करावा. स्टेम बदलणं सुरक्षित.

गिरमिट
मी चामड्याचं सांगत होतो, पण एल फ्रेम ऐकून गप्प बसतो. चुकीच्या मापाच्या सायकलवर माझीही सीट काही करू शकली नसती. स्टेम घेताना हँडल धरतो तिथला व्यास बघून घ्या, बहुतेक हायब्रीडना ३१.८ असतो. आत्ताची लांबी किती? आणि स्टेमला कोन असेल तर उलटा बसवा, हँडल थोडं वर येईल.

सांजवारा
११० मिमी लिहिलंय. ८० ची मागवली.

रागावून लिहिलं असेल वर कुठं तर मनावर घेऊ नका. दोन महिने वाटत होतं की माझ्याच अंगात काहीतरी दोष आहे. गटातले सगळे पन्हाळा करून चहा पीत बसतात आणि मी उभी राहून पिते, कुणाला कारण सांगता येत नाही. ते फार एकटं असतं.

कालवा
दोष नाही. तुम्ही भावाचे बूट घालून पळत होता.

सांजवारा
दहा दिवसांनी लिहितेय. ८० ची स्टेम उलटी बसवली, हँडल जवळ आलं आणि दोनेक सेंटीमीटर वर. सीट तीन टप्प्यांत खाली, ६५.५ वर थांबले. नाक सपाट. पहिलीच कडक सीट परत लावली, ती १४० ची निघाली. आत काही न घालता चड्डी.

रविवारी पन्हाळा, बुधवारी पहाटे पुन्हा. बधिर झालं नाही. पुढं सरकणं थांबलं. मागं दोन ठिकाणी हाडं ठणकतात, दाबून दाखवता येतील अशी.

फिजिओ_आहे
म्हणजे आता हाडांवर बसताय. तेच हवं होतं. हे दुखणं आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं.

घाटमाथा
आता सीट. १५५ ची, मधे फट असलेली, पण विकत घेऊ नका. गटात कुणाकडं पडून असेल ती मागून आणा, एक ७० किलोमीटरची फेरी करा. उसनी सीट लावायला चार मिनिटं लागतात. आत्ताच्या सीटच्या मागच्या कडेपासून हँडलपर्यंतचं अंतर आधी टेपनं मोजून ठेवा. आणि २०० च्या आधीच्या आठवड्यात काही म्हणजे काही बदलायचं नाही. २०० पुरी करायला साडेतेरा तास असतात, दर तासाला मिनिटभर उभ्यानं पॅडल मारा, रक्त फिरतं.

सांजवारा
गटातल्या एकाकडं निघाली १५५ ची. माप सांगून मागितली, कारण नाही सांगितलं, त्यानंही विचारलं नाही. शनिवारी राधानगरीपर्यंत जाऊन येते.

अण्णा_६८
राधानगरीला याल तर रस्त्यावरच घर आहे आमचं, ताक पिऊन जा. आणि पोरी, ती रुंद स्प्रिंगवाली सीट आता तुला लागणार नाही. विकणार असशील तर मला सांग. वडिलांच्या सायकलीला बसेल का, खाली क्लँप आहे का बघ.

सांजवारा
क्लँप आहे, अण्णा. विकायची नाही. शनिवारी कॅरियरला बांधून आणते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.