सासरे रोज संध्याकाळी मिलच्या रातपाळीला निघतात, काय करावं?

मानेवाड्याची_सून:
कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज. सासरे ७८ वर्षांचे, इथल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (कापड गिरणी) होते, मिल बंद पडून जमाना झाला. दोन वर्षांपासून विसरून राहिले, आधी चष्मा-किल्ल्या, मग आपलीच गल्ली. एमआरआय वगैरे करून डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं, त्याची डोनेपेझिल गोळी चालू आहे, निभत होतं कसंतरी. पण नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यापासून पाच-साडेपाच वाजले की पँट चढवतात, शर्ट खोचतात आणि दारात उभे, "डबा दे, भोंगा झाला". मिल बंद झाली बाबा म्हटलं की भडकतात. परवा मलाच म्हणे तू कोण बाई, इथं काय करून राहिली. काल कुलूप लावलं तर खुर्ची आपटली. सासूबाई देवघरासमोर रडत बसतात, मिस्टर रात्री नऊला येतात. आणि पुण्याचे मोठे दीर फोनवर म्हणतात "माझ्याशी तर मस्त बोलले, तुम्हीच टेन्शन घेता". शेजारच्या काकू म्हणाल्या मेडिकलमधून झोपेची गोळी आण (दुकानातून, मेडिकल कॉलेजमधून नाही). देऊ का?

तर्री_पोहे:
गोळी नको ताई. माझ्या आईला आम्ही अशीच सर्दीची झोप आणणारी गोळी दिली होती, रात्रभर भिंतीवर मुंग्या दिसून राहिल्या तिला आणि सकाळी बाथरूममध्ये पडली. त्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ आणखी वाढतो, हे आम्हाला नंतर कळलं.
आणि मिल बंद झाली हे सांगूच नका. तुमच्यासाठी ती जुनी गोष्ट आहे, त्यांना दर वेळी आजच नोकरी गेल्यासारखं होते. डबा मागतात ना, मग द्या डबा! पोळी-भाजी भरा, चपला घालायला लावा, "चला बाबा, गेटपर्यंत सोडतो" म्हणा आणि कॉलनीला एक चक्कर मारून आणा, उन्हं उतरल्यावर. रस्त्यात मिलचंच विचारा, कोणत्या खात्यात होते, मुकादम कसा होता. आमची आई माहेरी जातो म्हणायची, तिला रिक्षात बसवून सक्करदऱ्याच्या चौकातून फिरवून आणलं की घरी येऊन म्हणे "आली बाई एकदाची".
तिन्हीसांजेला हे वाढतंच, दिवसभराचा थकवा असते, उजेड कमी झाला की सावल्यांनी घाबरतात. अंधार पडायच्या आधीच सगळे लाइट लावा, दुपारची झोप लांबू देऊ नका. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, ते फार महत्त्वाचं. कुलूप समोर लावू नका, दाराच्या अगदी वर कडी बसवा, नजर जात नाही तिकडे.
दिराचं काय सांगू बाप्पा, माझा भाऊ पण तोच! फोनवर पाच मिनिटं हे लोक एकदम फिट बोलतात, बरा आहे, जेवलो, पाऊस आहे का. ते निभावून नेणं असते.

कुलरची_टाकी:
मी सिस्टर आहे, बाकी सगळं पटलं पण एक गोष्ट राहिली. "नवतपा लागल्यापासून" हे तुमचं वाक्य मला खटकलं. अल्झायमर हळूहळू वाढतो, आठ-दहा दिवसांत माणूस एकदम बदलला तर दुसरं काहीतरी शोधायचं असते. आपल्याकडं ४५ च्या उन्हात यांना तहानच लागत नाही किंवा लागली ते विसरतात, मग पाणी कमी, सोडियम (रक्तातलं मीठ) इकडचं तिकडं, लघवीचं इन्फेक्शन. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, नुसतीच बडबड सुरू होते. उद्याच दाखवा, सोडियम आणि लघवी तपासा, बी१२ आणि थायरॉइड आधी झालं नसेल तर तेही. बीपीच्या गोळ्यांचा कागद सोबत न्या. मनाने मीठ-पाणी पाजू नका.
सासूबाईंचंही पाहा. जेवण, झोप गेली असेल तर ते नुसतं रडणं नाही, त्यांनाही डॉक्टर लागेल. टेलिमानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास, फ्री. तुम्हीसुद्धा लावू शकता.

बर्डीवाला:
सगळं ठीक पण बापाशी रोज खोटं बोलायचं? मला नाही जमत.

तर्री_पोहे:
भाऊ, मला पण पहिले सहा महिने नाही जमलं. रोज खरं सांगत होतो, रोज आई रडत होती.

मानेवाड्याची_सून:
उशिरा लिहिते, सॉरी. सोडियम कमी निघालं हो! दोन दिवस अॅडमिट होते, बीपीची एक गोळी बदलली. खुर्च्या आपटणं थांबलं, मला ओळखून राहिले. रातपाळी मात्र आहेच. डबा भरून देते, काल कॉलनीच्या गेटपर्यंत गेलो, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कोणीच नाही, आज सुट्टी दिसते." घरी येऊन डब्यातली वांग्याची भाजी सासूबाईंसोबत खाल्ली. मोठे दीर येत्या रविवारी येऊन राहिले, पाच वाजता घरीच थांबा म्हटलं त्यांना.