लॉक सोडायची जबाबदारी कोणाची, प्रोग्रामरची की भाषेची?

रानवारा
परवा रात्री २ वाजता आमच्या सगळ्या ऑर्डर अडकल्या. जावाच्या कोडमध्ये एकाने रीएंट्रंटलॉक (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधल्या समांतर कामांपैकी एकाला, आत सोडणारं कुलूप) घेतलं, मध्येच एक्सेप्शन (चालता चालता आलेली चूक) आलं आणि खालची अनलॉकची ओळ चाललीच नाही. चूक आली तरी शेवटी चालतोच तो फायनली ब्लॉक लिहायचा राहून गेला होता. बाकीचे थ्रेड त्या एका लॉकसाठी ताटकळत बसले.

लॉक सोडणं माणसाच्या आठवणीवर ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून लॉक-गार्ड आहे. त्याचा ऑब्जेक्ट तयार होतानाच लॉक घेतो आणि ब्लॉक संपला की डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारा कोड) ते सोडतो, मग मध्ये रिटर्न येवो की एक्सेप्शन. जावातला सिंक्रोनाइज्ड, म्हणजे लॉक लावणारा भाषेतलाच शब्द, तोही लॉक आपणहून सोडतो. मग रीएंट्रंटलॉक हवंच कशाला?

कोकणकडा
सिंक्रोनाइज्डपाशी थ्रेड अडला की अडला, त्याला माघार नाही. रीएंट्रंटलॉकच्या ट्रायलॉकला मुदत देता येते: ३ सेकंदांत मिळालं नाही तर परत फिरा. हे मी हातचं सोडणार नाही. सवय एकच लावायची. आधी लॉक, लगेच पुढच्या ओळीवर ट्राय (त्या ब्लॉकमध्ये खरं काम), आणि फायनलीत अनलॉक. लॉक ट्रायच्या आत घेऊ नका. ते मिळालंच नाही तरी फायनली चालतं आणि न घेतलेलं लॉक सोडायला जातं.

तिफण
तुम्ही दोघं सोडण्यावर अडलात, माझा जीव घेण्यात जातो. खातं नावाचा क्लास, प्रत्येक खात्याचं लॉक त्याच्या पोटात. एक थ्रेड अ मधून ब मध्ये पैसे पाठवतो, त्याच क्षणी दुसरा ब मधून अ मध्ये. दोघांनी आपापलं पहिलं लॉक धरलं की झाला डेडलॉक, दोघंही एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकले! एकेक मेथड (क्लासमधलं फंक्शन) तपासली तर कुठेच चूक सापडत नाही. म्हणून लहान खाते क्रमांकाचं लॉक आधी, हा नियम हवाच.

रानवारा
क्रमाचं पटलं. पण तो पाळायचा कोणी? प्रत्येक कॉल करणाऱ्याने लक्षात ठेवायचा म्हटलं तर पुन्हा आठवणच आली. दोन्ही लॉक घेणारी मेथड एकाच ठिकाणी असावी, बाकी कोणाला लॉक दिसूच नये.

कोकणकडा
हे मान्य. फक्त त्या मेथडला सिंक्रोनाइज्ड लावू नका, नाहीतर एकमेकांशी संबंध नसलेली खातीही एकाच रांगेत उभी राहतील. आणि लॉक धरून नेटवर्क कॉल? तो लांबला तर बाकीचे तोवर ताटकळतात. तुमच्या त्या ऑर्डरच्या कोडमध्ये तो आहे का, ते आधी बघा.