नवरीला काळा घागरा शिवू की नको?

शिवणवाली (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अठरा वर्षांपासून शिलाई करते. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस, लग्नसराईत घागरे. यावेळी अडचण घरातलीच आहे.

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न माघात आहे. हळदीला पिवळी साडी, लग्नाला शालू, त्यावर कोणाचं काही म्हणणं नाही. पण रिसेप्शनला तिला काळा घागरा पाहिजे. पूर्ण काळा, फक्त घेराला जरीचा काठ. कापडही यवतमाळहून घेऊन आली, साडेसहा मीटर, आणि माझ्या मशीनवर ठेवून गेली. "मामी, तूच शिव."

सासूबाई म्हणतात, "नवरीच्या अंगावर काळं? अशुभ असते बाप्पा." नणंदबाईंचं कारण वेगळं आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, तिचा रंग पाह्यला ना? त्यात काळं घातल्यावर फोटोत दिसन का थे?" पोरगी दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. जेवायला बसली नाही.

मी स्वतः काळी आहे. मला पाहायला आलेले पहिले पाहुणे पोहे खाऊन गेले आणि निरोप आला, मुलगी चांगली आहे, रंग थोडा बसला आहे. माझ्या आईनं मग मला आंब्याचा रंग घेतला, फिकट गुलाबी घेतला, मोतिया घेतला, काळं कधीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासरची काळी साडी आली. बावीस वर्षांच्या वयात अंगावरचं ते पहिलं काळं. त्या दिवशी मी आरशासमोरून हलले नव्हते, एवढंच सांगते.

म्हणून विचारते. काळं अशुभ तर मंगळसूत्रात काळे मणी काहून? नव्या नवरीलाच संक्रांतीला काळी साडी काहून? शुक्रवारपर्यंत कापड कापावं लागेल. सासूबाईंशी भांडायचं नाही, त्यांना पटेल असं काही सांगायचं आहे.

कास्तकार_राळेगाव

ताई, आपल्या जुन्या बोलीत गावाचे दोनच भाग होते, काळी आणि पांढरी. जिथं माणसं राहतात ती पांढरी, जिथं पिकते ती काळी. खायला काळीच देते. आम्ही पेरणीच्या आधी नारळ फोडतो तो काळीच्याच पायाशी. अशुभ असती तर तिच्यात बी टाकलं असतं का?

माझं सात एकर पराटीचं वावर आहे. खाली काळा पाषाण आहे, तोच हजारो वर्षं झिजून ही माती झाली. वैशाखात तिला भेगा पडतात, मनगटापर्यंत हात जातो. पाणी पडलं की तीच फुगते, भेगा बुजतात, चप्पल रुतून बसते. ओल धरून ठेवते म्हणून पाऊस महिनाभर रुसला तरी पराटी तग धरते. दिवाळीच्या सुमारास बोंड फुटलं की खाली काळी आणि वर पांढराफेक कापूस. त्या कापसाचं पांढरेपण उठून दिसते ते खालच्या काळीमुळं. जरीच्या काठाचंही तसंच होईन.

आणखी एक. उभ्या पिकाला नजर लागू नये म्हणून आम्ही काठीवर मडकं उपडं घालतो. कोरं नाही, चुलीवरचं काळं झालेलं, वर चुन्याचे ठिपके. पाहणाऱ्याची नजर आधी मडक्यावर जाते, मग पिकावर.

आजीची_नात

आजी बोलते आहे, मी टाइप करते आहे. तिच्या भाषेतच ठेवते.

"माय, काळं म्हंजे राखण. लेकरू झालं का पयले कमरेले काळा करदोडा, मंग पायन्यावर बिब्बा. एरंडेलाचा दिवा लावाचा, वरून तांब्याचं ताट पालथं घालाचं, रातभर काजळी धराची, सकाळी तुपात खलाची. त्याची तीट गालावर आन् तळपायावर. गोजिरं लेकरू असन तर तीट मोठी. पोतीचे मणीबी तसेच. सोनं लोकाईले दाखवाले, काळे मणी नवऱ्याच्या जीवासाठी. सोन्याची वाटी मोडली, गहाण पडली, तरी बाई गळ्यातली काळी पोत काढत नाही. मी दोनदा वाट्या गहाण ठेवल्या, पोत ठेवली नाही.

संक्रांतीचं म्हणशीन तर पौषातली थंडी, काळं कापड ऊन धरून ठेवते. नव्या नवरीले काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने. पांढरा हलवा काळ्यावरच दिसते. लेकराच्या लुटीले, म्हंजे बोरन्हाणाले, झबलं काळंच. एवढ्या लाडाच्या दिवशी घालतात थे अशुभ कसं?"

मी विचारलं, मग लग्नात का नाही? आजी म्हणाली, "राखणदार दारात ऱ्हायते, बोहल्यावर नाही चढत." म्हणजे तिच्या मते लग्न लागताना नको. रिसेप्शनबद्दल ती म्हणते, तेव्हा लग्न लागून गेलेलं असते, घालू दे.

सेवानिवृत्त_शिक्षक, आर्वी

आजींनी मुद्द्याचं सांगितलं आहे. मी थोडी भर घालतो.

काळा म्हणजे शोक, ही समजूत आपल्याकडे बरीचशी युरोपातून आली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१ मध्ये वारला, त्यानंतर १९०१ मध्ये स्वतःचा मृत्यू होईपर्यंत ती काळ्या कपड्यांतच राहिली. चाळीस वर्षं. तिच्यामुळे तिकडे शोकाचे कपडे, काळे दागिने, काळी किनार असलेली पत्रं यांचा मोठा रिवाज झाला. याच राणीने १८४० मध्ये स्वतःच्या लग्नात पांढरा पोशाख घातला होता आणि पांढरी नवरी तिकडे रूढ झाली. आपल्याकडे मात्र पांढरं लुगडं विधवेच्या वाट्याला आलं. एकच पांढरा रंग, तिथं नवरीचा, इथं विधवेचा. रंगात शुभ-अशुभ भरलेलं नसतं, आपण भरतो.

पुढे १९२६ मध्ये व्होग मासिकाने पॅरिसच्या कोको शनेलच्या साध्या काळ्या पोशाखाचं चित्र छापलं आणि त्याला फोर्डच्या मोटारीची उपमा दिली. फोर्ड जशी सर्वांसाठी, तसा हा पोशाख सर्व बायकांसाठी, असा अर्थ. शोकाचा म्हणून ओळखला जाणारा रंग त्यानंतर समारंभात जास्त दिसू लागला. तुमची भाची मोबाइलवर जे फोटो पाहते, त्याचं मूळ तिथवर जातं. वकिलांचा काळा कोटही इंग्रजांचाच. आपल्याकडच्या ४५ अंशांत तो सोसवत नाही, म्हणून उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत त्याची सक्ती नसते.

काळ्यावर राग काढण्याची रीतही आपल्याकडे आहे, ते लपवायला नको. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे एक मोठा पुतळा, मिरवत निघते, १८८१ पासून. रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. पण तिच्याबरोबर पिवळीही निघते आणि तीही जळते. पिवळ्याला म्हणून कोणी हळदीतून काढलेलं नाही.

सासूबाईंना मात्र मी दुसरंच सांगेन. आमच्या आर्वीजवळ, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. भावाने ठरवलेलं स्थळ नाकारून तिने ब्राह्मणाच्या हाती पत्र पाठवलं आणि ज्याला निवडलं त्याच्या नावाचा अर्थच काळा. विदर्भाच्या लेकीने आपल्या मनाने काळा निवडला, त्याला कोणी अशुभ म्हटलं नाही. आषाढीला आपण त्याच्याच दर्शनाला चालत जातो. तुमच्या सासूबाई वारी करत असतील तर एवढंच पुरे.

रंगकाम_चंद्रपूर

शिवणवाली ताई, मी वनस्पतींच्या रंगांत कापड रंगवते. नणंदबाईंच्या बोलण्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काळा हा एक रंग नाही. मी हिरड्याच्या पाण्यात सुती कापड भिजवून वाळवते, ते फिकट पिवळं होतं. दुसरीकडे मडक्यात गंजलेले खिळे, पट्ट्या आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवते. पिवळं कापड त्या पाण्यात टाकलं की डोळ्यांदेखत काळं होतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तसंच. या काळ्यात किंचित तपकिरी ऊब असते. बाजारातल्या कापडाचा काळा बहुतेक निळ्याकडे झुकतो. सावळ्या अंगाला उबेचा काळा खुलतो, त्यावर जुन्या सोन्यासारखी मळकट जर घ्या. चांदीसारखी पांढरी जर नको, ती चेहऱ्याआधी दिसते. आणि चकाकणारं सॅटिन टाळा, फोटोत प्रकाश त्याच्यावरच जातो. हे मी आरशात स्वतःवर धरून शिकले आहे, मीही तुमच्याच रंगाची.

मधली_सून

माझं मत थोडं वेगळं. काळ्याला माझाही विरोध नाही, पण सासूबाईंना पुराणं, राणी, पॅरिस सांगून गप्प करू नका. त्यांच्या पहिल्या संक्रांतीला त्यांना काय नेसवलं होतं ते विचारा. बायकांना ते विसरत नाही.

शिवणवाली (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे खूप आभार. उशिरा लिहिते आहे, गावात दोन दिवस लाइन नव्हती.

मधली सून ताई, तुमचं ऐकलं. रात्री भाकरी टाकता टाकता सासूबाईंना विचारलं. लगेच काही बोलल्या नाहीत. भांडी झाल्यावर लोखंडी पेटी उघडायला लावली आणि तळातून त्यांची चंद्रकळा काढली. घडीघडीवर विरली आहे, हात लावला की फाटते, पण लाल काठ जसाच्या तसा. पहिल्या संक्रांतीला त्यांच्या सासऱ्यांनी दिग्रसच्या बाजारातून आणली होती. मी रुक्मिणीचंही सांगितलं. त्या दोनदा पंढरपूरला जाऊन आल्या आहेत. म्हणाल्या, "थे माले ठाऊक आहे, तू नको शिकवू. जरी नको लावू. हा काठ लाव."

काठ साडेचार मीटर निघाला, घेराला पुरत नाही. म्हणून चोळीच्या बाह्या, गळा आणि ओढणीच्या दोन बाजू असं बसवते. घेराला मळकट जर, चंद्रपूरच्या ताई म्हणतात तशी.

काल काळं अस्तर मिठाच्या पाण्यात भिजत घातलं होतं. बादलीतलं पाणी गर्द निळं झालं. आज सकाळी अंगणात उन्हात अस्तर आणि कापड शेजारी धरून पाहिलं, दिव्याखाली दोन्ही एकच वाटत होते, उन्हात अस्तर निळसर निघालं. नवीन अस्तर मागवलं आहे, यावेळी तपकिरीकडे झुकणारं. काळ्यावर काळा दोरा रात्री दिसत नाही, म्हणून शिवण सगळी दिवसाच घालणार.

नणंदबाई अजून बोलत नाहीत. त्यांना ते वाक्य लागलंय की पोरीनं ऐकलं याचं वाईट वाटतंय, मला कळत नाही. पण काल संध्याकाळी पोरीसोबत मापाला त्याच आल्या होत्या. मी टेप धरला, आकडे त्यांनी वहीत लिहिले.